रुईवरचा आळ

"थांबू नका. अजून दोन मिनिटं," डॉक्टर म्हणाले.

अझरुद्दीनने स्टुलावर उजवा पाय ठेवला, मग डावा. मग उजवा खाली, डावा खाली. लाकडी स्टूल वीतभर उंच होतं. त्याच्याआधी एकसष्ट वर्षांचा सुपडू हमाल तीन मिनिटं चढउतार करून गेला होता, तेही गालातली तंबाखू न थुंकता. अझरुद्दीन चौतीस वर्षांचा होता. दीड मिनिट झालं तेव्हा त्याने हात वर केला आणि स्टुलावरच बसला. मान खाली, हात गुडघ्यांवर. खांदे वरखाली होत होते. शेडमध्ये रांगेत उभे असलेले हमाल आणि मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या. कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

"त्यानी छातीम्हा रुई शे, डॉक्टरसाहेब," सुपडू म्हणाला. "पिंजारीना पोऱ्या शे तो. लहानपने गई ती आतम्हा, आते निंघस का?"

नंदुरबारच्या मिरची बाजारात त्या जानेवारीत काही व्यापाऱ्यांनी मिळून हे शिबिर ठेवलं होतं. मिरचीच्या धुळीत काम करणाऱ्यांची मोफत श्वास तपासणी. अझरुद्दीन मिरचीत काम करत नव्हता. तो नवनीत शेठच्या भुईकाट्यावर काचेच्या केबिनमध्ये बसायचा. ट्रक काट्यावर आला की वजन बघायचं, चिठ्ठी काढायची, खिडकीतून द्यायची. शिबिरात नावं लिहून घ्यायला माणूस हवा होता, शेठने त्याला पाठवलं. एकशे अकरा नावं लिहून झाली, रांग आटोक्यात आली, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, तुमचंही करून टाकू.

डॉक्टर भाग्येश तिकडचेच, शहाद्याजवळच्या खेड्यातले. छातीच्या आजारांचं शिक्षण घेऊन नुकतेच परत आले होते. त्यांनी अझरुद्दीनला दम खाऊ दिला, मग यंत्राची नळी तोंडात धरायला दिली. पूर्ण श्वास घ्या, आता सगळा सोडा, सोडा, अजून सोडा. तीनदा. पडद्यावरची रेघ बघून त्यांनी विचारलं, "बिडी, सिगारेट?"

"कधीच नाही."

"मिरचीत किती वर्षं?"

"मी काट्यावर असतो. काच बंद असते."

"आणि रुईत?"

"आठ महिने. पंधरा वर्षांचा होतो तेव्हा. नंतर अब्बांनी दुकान बंद केलं."

"आठ महिनेच? मग दम कधीपासून लागतो?"

अझरुद्दीन उत्तर द्यायला थांबला. रुईत किती दिवस होतास, हे त्याला पुष्कळांनी विचारलं होतं. दम कधीपासून लागतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

"आधीपासून," तो म्हणाला. "पहिलीत होतो तेव्हाही पळता येत नव्हतं."

"जन्म कुठला? दवाखान्यातला?"

"घरचा."

"दिवस भरले होते?"

"नाही. सातवा लागला होता. दोन-अडीच महिने आधी झालो असं सांगतात."

डॉक्टरांनी पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. मग अझरुद्दीनकडे. "शिबिर संपलं की बसा थोडे," ते म्हणाले.

नजीर पिंजारीच्या घरात चार पिढ्या रुई पिंजली गेली. आजोबा-पणजोबा खांद्यावर पिंजण घेऊन तापीकाठच्या गावांतून फिरत, ओट्यांवर बसून गाद्या-उशा भरत. त्यामुळे या घराची बोली अहिराणीच. हिंदी पाहुण्यांसाठी. नजीरच्या हातात घर आलं तेव्हा फिरणं संपलं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान होतं, वर उघड्या गच्चीची माडी, माडीला लाकडी शिडी.

एक्याण्णवच्या जानेवारीत सालेहाला सातवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण. एका संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि पहाटेपूर्वी मूल झालं. सुईण म्हणाली, हे टिकायचं नाही. नजीरने ते रुईच्या तागडीत ठेवलं. सव्वा किलो भरलं. थंडी कडाक्याची होती, आणि नजीरची आई, जिला सालेहा आत्या म्हणे, म्हणाली, याला रस्त्यावरची हवा लागली तर रस्त्यातच जाईल. म्हणून नजीरने नवी रुई घेतली, सरकीचा कणही राहू नये म्हणून तीनदा पिंजली आणि त्या रुईत मुलाला नाकाडोळ्यांपुरतं उघडं ठेवून गुंडाळलं. दर तिसऱ्या दिवशी जुनी रुई काढायची, नवी पिंजून घालायची. दूध कापसाच्या वातीने थेंब थेंब. असं छपन्न दिवस चाललं. मूल रडू लागलं, रंगाला आलं. त्याचं नाव अझरुद्दीन ठेवलं.

तो वाढला, शाळेत गेला. इतर मुलांसारखाच दिसे. फक्त पळत नसे. लपाछपीत तो नेहमी राज्य घेई. क्रिकेटमध्ये त्याने फार लवकर पंचाचं काम पत्करलं, आणि ते तो इतकं चोख करी की मोठ्या मुलांच्या सामन्यांतही त्याला बोलावत. मास्तर आळशी म्हणत. सालेहा म्हणे, अशक्त आहे. नजीर काही म्हणत नसे.

दहावीनंतर तो दुकानात बसू लागला. तोवर पिंजणाऐवजी यंत्र आलं होतं. रुई पिंजली जाताना दुकानभर पांढरं उडे, भुवयांवर बसे. त्या हिवाळ्यात लग्नाच्या गाद्यांना मोठी मागणी होती. भरलेली गादी खांद्यावर घेऊन अझरुद्दीन एका घराचा जिना चढला आणि वरच्या पायरीवर बसून राहिला. ओठ निळे पडले होते. गल्लीतल्या एका कंपाउंडरने छातीला नळी लावली, नजीरच्या भुवयांकडे पाहिलं आणि सांगितलं, रुई गेलीय आत. हेच काम करत राहिला तर तीस वर्षं बघायचा नाही.

नजीरने आठ दिवसांत यंत्र विकलं. दुकान एका भांडीवाल्याला दिलं. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि रुईशिवाय त्याला काही येत नव्हतं. पुढे एका खासगी शाळेच्या गेटवर त्याला चौकीदाराची जागा मिळाली. निळा शर्ट, शिट्टी, येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव लिहायची वही. एकोणीस वर्षं झाली, तो त्या गेटवर उभा होता. कुणी जुनं गिऱ्हाईक भेटलं आणि म्हणालं, काय नजीरभाई, तुझ्या हातच्या गादीवर अजून झोपतो, की तो सांगे, "मी रुई सोडी दिन्ही, म्हनीसन पोऱ्या वाचना." हे वाक्य तो तक्रारीच्या सुरात म्हणत नसे. पुढे अझरुद्दीनचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हाही तळोद्याला जाऊन मुलीच्या बापाला त्याने आधी हेच सांगितलं. मुलाच्या छातीत खोट आहे, ती माझ्या धंद्याची आहे, मी धंदा सोडलाय. मुलीच्या बापाला तो माणूस आवडला.

मुलगी अतिका. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं जीपने तोरणमाळला गेली. तळ्यापासून वरच्या कड्याकडे चालत जाताना अझरुद्दीन बोलेनासा झाला. अतिकाला वाटलं, आपलं काही चुकलं. चार ठिकाणी तो थांबला. एकदा चपलेचा अंगठा बघितला, एकदा फोन काढला, एकदा झाडाचं नाव विचारलं, एकदा नुसताच उभा राहिला. चौथ्या वेळी तिला समजलं. थांबायची निमित्तं त्याच्याकडे भरपूर होती. बाजारापासून घरापर्यंत कोणत्या टपरीपाशी किती वेळ उभं राहिलं तर विचित्र दिसत नाही, हे त्याला पाठ होतं. जनाज्याला खांदा द्यायचा तर दहा पावलं. तिथे खांदे बदलतातच, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नसे. मुलगी झाली, तिला कडेवर घेऊन माडीची शिडी चढायचं काम पहिल्यापासून अतिकाचं.

शिबिर आवरल्यावर डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. बाहेर उन्हात मिरची पसरलेली होती, बाया घरी निघाल्या होत्या.

"रुईचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले.

अझरुद्दीनने खुर्ची पुढे ओढली.

"रुईच्या धुळीने छाती बिघडते, ते खरं आहे. पण त्याला वर्षानुवर्षं जावी लागतात. आठ महिन्यांत नाही. आणि तुम्हाला तर पहिलीपासून आहे. हे जन्माचं आहे. आईच्या पोटात शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत फुप्फुस तयार होत असतं. तुम्ही त्याआधीच बाहेर आलात. पुढे फुप्फुस वाढलं, पण आतल्या नळ्या अरुंद राहिल्या. बसलेलं असताना तेवढ्या वाटेने भागतं. चढ आला, ओझं आलं, की जास्त हवा लागते. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, तोवर पुढचा श्वास घ्यायची वेळ होते."

"असंच होतं," अझरुद्दीन म्हणाला. "श्वास घेता येतो. सोडायला पुरत नाही."

"लोकांना वाटतं आळस आहे."

"हो."

"अशी माणसं आता पुष्कळ दिसतील. आधी एवढी लहान मुलं जगतच नव्हती. तुम्ही कसे जगलात?"

अझरुद्दीनने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, पण कागदावर ते काही लिहिलं नाही. एक पंप लिहून दिला. चालण्याआधी ओढायचा, थोडा फरक पडेल, फार नाही. रोज चालायचं, थांबत थांबत, लाज न धरता. धूर टाळायचा. वाढत गेलं तर यायचं. बरं होईल असं ते म्हणाले नाहीत. तीन आठवड्यांनी दवाखान्यात या म्हणाले.

अझरुद्दीन घरी आला तेव्हा नजीर ओट्यावर बसून मुलीला अंकलिपी वाचून दाखवत होता. त्याने विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"पंप दिन्हा," अझरुद्दीन म्हणाला आणि आत गेला.

अतिका मशीनवर ब्लाऊज शिवत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ती मशीन थांबवून ऐकत राहिली, मग म्हणाली, "अब्बांले सांगी टाका ना. मन हलकं व्हई त्यासनं. इतला वरीस सोताले दोष दी ऱ्हायनात."

"हलकं कसं व्हई?" अझरुद्दीन म्हणाला. "एकोणीस वरीस गेटवर उभा ऱ्हायनात ते. मन्हाकरता. आते सांगू, का ते फुकट गयं?"

"पन दोष तं जाई."

"दोष जाई. दुसरं काय ऱ्हाई त्यासनाजोडे?"

 अतिकाने मशीनचं चाक हाताने फिरवून टाका पुढे नेला.

त्यानंतर अकरा दिवस दोघांनी हा विषय काढला नाही. अझरुद्दीन काट्यावर जात होता, पंप ओढत होता. संध्याकाळी तो रेल्वेच्या पुलापर्यंत चालू लागला आणि थांबायचं तिथे कोणतंही निमित्त न काढता थांबू लागला. त्याला ते सोपं गेलं नाही. सातव्या दिवशी पुलाच्या चढावर एक ओळखीचा रिक्षावाला थांबला, म्हणाला, "रुईनं बरं नही ना भो, जन्मभर पुरस." अझरुद्दीन हो म्हणाला. घरी येऊन त्याला वाटलं, आपण आज खोटं बोललो. आजवर तेच वाक्य शेकडो वेळा ऐकून घेतलं होतं, पण तेव्हा ते खोटं नव्हतं.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, नमाजनंतर जेवणं झाली. नजीरची पाळी चार वाजता होती. सालेहा सुपात ज्वारी निवडत होती. अझरुद्दीन बापासमोर बसला आणि डॉक्टर जे म्हणाले ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. त्याला वाटलं होतं, सांगताना दम लागेल. लागला नाही.

नजीरने सगळं ऐकून घेतलं.

"मंग रुईनं काहीच नही?" त्याने विचारलं.

"नही."

"मी बंद नही करतू, तरी तू असाच ऱ्हातास?"

"असाच."

"त्या कंपाउंडरले काय समजनं मंग?"

"त्याले काय समजी? दुकानम्हा उभा व्हता तो. रुई दिसनी, रुई सांगी."

नजीरने भिंतीकडे पाहिलं. अझरुद्दीनने आधी ठरवून ठेवलेलं वाक्य काढलं. "अब्बा, तशीबी दुकान बंद पडतीच. फोमन्या गाद्या उन्यात. सम्दा पिंजारीसनी सोडं. शहादाना सोडं, दोंडाईचाना सोडं."

"हा," नजीर म्हणाला. "पडती." मग म्हणाला, "पन दहा वरीस तं करतू ना मी."

 सुपातली ज्वारी हलायची थांबली होती, हे सगळ्यांत आधी अतिकाच्या लक्षात आलं.

"रुईले नका बोला," सालेहा म्हणाली. ती सुपाकडेच बघत होती. "मी सांगस काय व्हयनं ते."

ती सहसा लांबलचक बोलत नसे. आत्ताही तुटक तुटकच बोलली.

"त्या दिनले तुम्ही प्रकाशा गावले गयेल व्हतात, गाद्या पोचाडाले. आत्या झोपेल व्हत्यात. माडीवर रुई वाळत व्हती, लग्नन्या गाद्यासनी. दुपारले आभाळ उनं. एकदम पानी. मी एकली. वर चढनू, गाठोडा बांध्यात, शिडीवरथून खाले आन्यात. तीन. वल्ला व्हयेल व्हतात, लई जड. तिसरा आनता पाय घसरना. पडनू नही मी, शिडी धरी लिधी. पन पोटम्हा काहीतरी हालनं. सांजले कळा सुरू व्हयन्यात."

"तू म्हने, आपेआप व्हयनं," नजीर म्हणाला.

"म्हने व्हतू. आत्यासनी सांगेल व्हतं, काहीच उचलानं नही. मी भ्यायनू. मंग पोऱ्या जगना, सांगानं ऱ्हाई गयं."

"आनि कंपाउंडर उना तव्हय?"

सालेहाने सूप खाली ठेवलं. "त्यानी रुईनं नाव लिधं. माले वाटनं, जाऊ द्या रुईवर. मन्हावर नको. माले काय माहीत, तुम्ही मशीन इकी टाकशात? आठ दिनम्हा इकी टाकं तुम्ही. मी सांगू सांगू म्हनस, तं मशीन गयं व्हतं. मंग काय सांगू?"

"एकोणीस वरीस," नजीर म्हणाला.

"हा."

नजीर उठला. खुंटीवरचा निळा शर्ट घातला, शिट्टी खिशात टाकली. पाळीला दीड तास होता. तो निघून गेला. सालेहाने सूप पुन्हा उचललं, पण निवडलेली आणि न निवडलेली ज्वारी एकत्र झाली होती. तिने सगळी परत निवडायला घेतली.

पुढचे आठ दिवस घरात मोजकं बोलणं झालं. नजीर जेवत होता, कामाला जात होता, नातीला अंकलिपी वाचून दाखवत होता. सालेहाशी तो भाकरी, पाणी, किल्ली एवढंच बोलला. अझरुद्दीनच्या मते तो रागावला होता. अतिकाचं म्हणणं, राग असता तर दिसला असता. एकदा तो कामावरून उशिरा आला. दोंडाईचाच्या बसने गेलो होतो म्हणाला. ज्याला यंत्र विकलं होतं त्याच्याकडे. तो माणूस आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो, यंत्र भंगारात कधीच गेलं. "चांगला शे तो," नजीर म्हणाला. "चहा पाजा त्यानी." 

सालेहा या दिवसांत वाळली. ती सगळ्यांच्या आधी उठे, सगळ्यांच्या नंतर जेवे. पूर्वीही तसंच होतं, पण आता ती ते शिक्षा असल्यासारखं करत होती. एका सकाळी अझरुद्दीन तिला म्हणाला, "अम्मी, मी मजाम्हा शे. काट्यावर बसस, पगार येस, पोरगी शे. तू कसाले जीवले लाई लिधं?" ती म्हणाली, "तू पुलवर चढतांना थांबस. मी देखेल शे." ती केव्हा पुलापर्यंत आली होती, हे त्याने विचारलं नाही.

नवव्या दिवशी नजीरने विचारलं, "तू त्या डॉक्टरकडे कव्हय जाई ऱ्हायना?"

"उद्या. चार वाजता."

"मी येस. तुन्ही मायबी ई."

नजीरने पाळी बदलून घेतली. सालेहाला वाटलं, गुडघे दाखवायचे आहेत. तिने धुतलेली ओढणी घेतली आणि कापडी पिशवीत पाण्याची बाटली, गुडघ्याच्या जुन्या गोळ्यांची पाकिटं भरली.

छातीच्या डॉक्टरचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर का, हे कुणी सांगू शकलं नसतं. खाली औषधांचं दुकान, बाजूने अरुंद जिना. सालेहा कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेली. अझरुद्दीन पहिल्या वळणावर थांबला. त्याने पंप ओढला होता, तरी थांबावं लागलं. नजीर त्याच्या दोन पायऱ्या खाली होता, तोही थांबला. मागून आलेल्या लोकांना त्याने भिंतीकडे सरकून वाट दिली. एका बाईने विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का? नजीर म्हणाला, "बरं शे. या तुम्ही." अझरुद्दीनचा श्वास खाली बसेपर्यंत तो जिन्याच्या जाळीतून रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मुलगा निघाल्यावर निघाला.

वर बाकावर सालेहा बसली होती. नंबर आला तेव्हा नजीर तिला म्हणाला, "तू बठ," आणि अझरुद्दीनबरोबर आत गेला.

डॉक्टरांनी अझरुद्दीनला तपासलं, पुन्हा फुंकायला लावलं, किती चालता ते विचारलं. पुलापर्यंत, तीनदा थांबून. चांगलं आहे म्हणाले. मग नजीरकडे वळले. "तुम्ही वडील ना? रुईबद्दल काही विचारायचंय का, बाबा?"

"नही," नजीर म्हणाला. "रुईनं समजनं माले. दुसरं इचारानं शे."

त्याने विचारलं. प्रश्न त्याने नीट जुळवून आणला होता. सातव्या महिन्यातली बाई. रुईची तीन गाठोडी, भिजलेली, एकेक पंचवीस-तीस किलोचं. शिडी अकरा पायऱ्यांची. तिसऱ्या वेळी पाय घसरला, पण पडली नाही. त्यानं मूल आधी होतं का?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते अहिराणीत बोलले. "बाबा, चौतीस वरीस पहिलेनं आते कोनीच सांगू शकाव नही. मी सांगं तं ते खोटं व्हई. पन एक दिनना वझानी असं व्हस, असं मी म्हनाव नही. आपल्याकडे बाया शेवटला दिनलोंग वावरम्हा काम करतस, त्यासना दिन भरतस. काही बाया पलंगवर पडी ऱ्हातस, तरी आधी व्हस. लई वेळा कारन सापडतच नही."

"सापडतच नही?"

"नही."

नजीरने ते मनात एकदा घोळवलं. मग म्हणाला, "हाईच तिले सांगा. भाईर बठेल शे ती. मी सांगं, तं तिले वाटी, तोंडदेखलं बोली ऱ्हायना." आणि मग, "ते वझावालं सांगा. त्या पलंगवाल्या बायासनंबी सांगा."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले.

नजीर बाहेर आला. सालेहा उठून उभी राहिली, पिशवी सावरली.

"जाय," तो म्हणाला. "तुले बलाई ऱ्हायनात."

"गुडघा दखाडू?"

"जाय तं खरी."

तिने दारापाशी चपला काढल्या. तिथे चपला काढायची पद्धत नव्हती, कुणीच काढलेल्या नव्हत्या. पिशवी तिने त्याच्या हातात दिली आणि आत गेली. दार आपोआप लागलं. त्याच्या वरच्या भागात धुरकट काच होती. तिच्यातून खुर्चीच्या कडेवर बसलेली एक आकृती दिसत होती आणि तिच्याकडे झुकलेली दुसरी.

अझरुद्दीन बाकाच्या टोकाला बसला. नजीर सालेहाच्या जागेवर बसला. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सालेहाचा आवाज येत नव्हता. समोरच्या भिंतीवर नंबर दाखवणारा दिवा बदलला, तरी बाहेरच्या मुलीने पुढचं नाव पुकारलं नाही.

पिशवी मांडीवर कलत होती, आतली बाटली एका बाजूला पडत होती. नजीरने ती सरळ केली आणि पुन्हा कलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.